मांडवाबाहेरची मुले

ऊसतोडीचा हंगाम अर्ध्यावर आला, थंडी ओसरू लागली, की आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या महाविद्यालयांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. मैदानात मांडव पडतो. रांगोळीच्या चौकटी आखल्या जातात. ध्वनिक्षेपकावर कोणीतरी सकाळपासून "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" करीत असतो. शेलापागोटे होतात, एकांकिका होते, सिनेमाच्या गाण्यांवर नाच होतात, पाहुणे येतात, बक्षिसे वाटली जातात. दुसऱ्या दिवशी मांडव सुटतो आणि पोरे परीक्षेच्या फॉर्मच्या रांगेत उभी राहतात.

गेली कित्येक वर्षे मी हा मांडव आतून पाहत आलो आहे. पण प्रत्येक वर्षी काही मुले मांडवाच्या बाहेर, कनातीला टेकून उभी असतात. ती आत येत नाहीत, आणि घरीही जात नाहीत. आज मला या मुलांविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

आधी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सांस्कृतिक मंडळाचे काम माझ्याकडे होते. कार्यक्रम निवडायच्या दिवशी पहिल्या वर्षातला एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर लिहिले होते, 'धनगरी ओवी'. मी विचारले, "किती मिनिटांची आहे?" तो सरळपणे म्हणाला, "सर, रात्रभर चालते." खोलीतली सगळी मंडळी हसली. मीही हसलो. म्हणालो, "बाळ, आपल्याकडे पाच मिनिटं आहेत. आणि हे जत्रेत शोभतं, इथं नाही." त्याने चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली आणि तो गेला. संमेलनाच्या रात्री तो मला कनातीजवळ दिसला. पुढे तो वर्गात यायचा बंद झाला. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात एक बाक रिकामा पडला, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

तो पुन्हा भेटला आषाढी वारीच्या दिवसांत. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धोतराच्या पायघड्या घातल्या जातात, आणि मेंढपाळ मंडळी आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना सांगायला नको. त्या धुळीत, घामाने निथळलेला, डोक्याला मुंडासे बांधलेला तो मुलगा मेंढरांना वळवीत होता. त्याची हाक अशी खणखणीत, की वर्गात 'हजर सर' देखील पुटपुटणारा तो हाच का, असे मला वाटले.

रिंगण संपल्यावर मी त्याला गाठले. म्हटले, "कॉलेज का सोडलंस? घरची अडचण आहे का?" तो म्हणाला, "अडचण तर कायमचीच हाय, सर. पण त्यानं नाही सोडलं. कॉलेजात आपलं काय चालत नाही, तर आपण तिथं कशापायी जायचं, असं वाटाया लागलं."

श्रोते हो, त्या मुलाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर तरी देता आले असते.

आता गंमत पहा. गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन पंडित होते, हायडेलबर्ग विद्यापीठातले. १९९२ साली ते वारले. हे गृहस्थ सातासमुद्रापलीकडून आपल्या महाराष्ट्रात आले, धनगरांच्या वाड्यांवर गेले, त्यांच्या मेंढरांमागून हिंडले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित करून घेतल्या. सुंबरान मांडून गडी रात्रभर कथा कशी उलगडत नेतात, यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. परदेशातला प्राध्यापक जे ऐकायला एवढ्या लांब आला, ते माझ्या तालुक्यातला मुलगा माझ्या टेबलापाशी घेऊन आला होता, आणि मी त्याला पाच मिनिटांचे घड्याळ दाखवले.

बारामती हे मोरोपंतांचे गाव. कऱ्हाकाठच्या या गावी राहून पंतांनी आपले आर्याभारत रचले, केकावली रचली. १७९४ साली ते गेले. पण त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखातून गावोगाव फिरत राहिल्या. म्हणजे मोरोपंतही बऱ्याच अंशी ऐकूनच जगले. वर्गात मी मोरोपंत मोठ्या आवडीने शिकवतो. मग त्याच कऱ्हा-नीरेच्या माळावर कानामागून कानी आलेली दुसरी कविता मला अडाणी का वाटावी? दोन्हींची तोलामापाची तुलना मी करीत नाही. पण एकीला फळा मिळतो आणि दुसरीला कनातीबाहेरची जागा, हे काही न्यायाचे नव्हे.

त्या मुलाला मी परत यायची विनंती केली. 'विनंती' हाच शब्द बरोबर आहे. तो आला. पुढच्या संमेलनात त्याच्या चुलत्याबरोबर वस्तीवरची माणसे आली. ढोल आले, कैताळ आले, रंगीत रुमाल आले. गजीनृत्याला मोठे रिंगण लागते. आमचे व्यासपीठ पडले वीस फुटांचे! शेवटी सगळ्यांना सांगितले, मांडवातून उठून मैदानात या. मंडळी उठली आणि गोल करून उभी राहिली. ढोल घुमू लागला तसे कनातीजवळचे सगळे जण आपोआपच पुढच्या रांगेत आले. त्या मुलाने ओवी म्हटली ती वीस मिनिटे. कोणी घड्याळ पाहिले नाही. पुढे तो काही विद्यापीठात पहिला वगैरे आला नाही, पण बी. ए. झाला, आणि वर्गात मान वर करून बसू लागला. मला तेवढे पुरे आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, नाचगाण्याचे एवढे काय घेऊन बसलात? पोरांना नोकरी पाहिजे. खरे आहे. पण आपल्या पोरांच्या मनावरचे ओझेही जरा पाहा. एका वर्षी दुष्काळ, दुसऱ्या वर्षी भाव नाही. पोलीसभरतीसाठी पहाटे धावायचे, दिवसा तासांना बसायचे, रात्री स्पर्धापरीक्षेची पुस्तके. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे वेगळेच. मोबाईलवर दुसऱ्यांची सुखे बघत बसायचे, आणि आपले दुःख बोलायला कोणी नाही. अशा मुलाला चार जणांत मिसळायला, घाम गाळायला, मोकळा आवाज लावायला जागा मिळाली, तर ती चैन म्हणता येणार नाही. भाकरीइतकीच तीही गरजेची आहे. लेझमीचे दोन फेर धरा, छाती कशी भरून येते ते पाहा. ढोलाच्या ठेक्यावर पाय पडू लागला की दिवसभराचा आंबलेपणा उतरतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि श्वास, आसने यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. आज २१ जूनला आपण सगळे मैदानात योगासने करतो, हे चांगलेच आहे. पण २२ जूनला चटया गुंडाळून कपाटात गेल्या, तर त्या योगाचा उपयोग काय?

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कला म्हणजे औषध नव्हे. एखादा मुलगा खाईना, झोपेना, जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला, तर त्याला नाचायला लावू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारने २०२२ सालापासून 'टेलि-मानस' नावाची दूरध्वनीसेवा चालवली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा क्रमांक आपल्या वर्गात लिहून ठेवावा. कला करते ते एवढेच, की असा मुलगा वेळेवर आपल्या नजरेस येतो. शंभरांच्या वर्गात जो दिसत नाही, तो पंधरांच्या तालमीत दिसतो. आज तो आला नाही, आज तो गप्प आहे, हे पहिल्यांदा त्याच्या सोबत्यांना कळते.

मुलींचे तर आणखी वेगळे. आमच्याकडे संमेलनात मुली थोड्याच का, याची चर्चा आम्ही कित्येक वर्षे करीत होतो. कोणी म्हणे संकोच, कोणी म्हणे घरचे वळण. एकदा एका मुलीनेच कोडे सोडवले. म्हणाली, "सर, तालीम पाच वाजता आणि आमच्या गावची शेवटची एसटी साडेपाचला. आम्ही यायचं कसं?" इतकी साधी गोष्ट! तेव्हापासून आम्ही तालीम दुपारच्या सुट्टीत घेऊ लागलो. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली होत्या, तिथे खोली अपुरी पडू लागली. आधी ज्याला आम्ही मुलींचा संकोच म्हणत होतो, तो एसटीच्या वेळापत्रकात होता.

त्याच मुलींना मी एकदा सांगितले, घरी जा आणि आजीकडून जात्यावरच्या तीन ओव्या लिहून आणा. एकीने वहीभर आणल्या. ती म्हणाली, "आजी सांगताना रडली. म्हणाली, एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं." साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपले दुःख लयीत घालून दळणाबरोबर बाहेर काढण्याची ही रीत आपल्या आयाबायांना ठाऊक होती. जाती गेली, हे बरेच झाले. खांदे मोडणारे ते काम होते. पण मन मोकळे करण्याची जागाही तिच्याबरोबर गेली. ती आता कुठे मिळणार? मला वाटते, शाळा-महाविद्यालयातच मिळाली पाहिजे.

हे काही नवे मी सांगत नाही. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, १९२१ साली तिथे विश्वभारती उभी केली. तिथे गाणे, नाच, चित्र हे शिक्षणानंतरचे नव्हते, शिक्षणातलेच होते. वसंताचा उत्सव, पावसाचा उत्सव. इतकेच काय, शेजारच्या श्रीनिकेतनात नांगरटीचादेखील उत्सव! आपल्याकडे बैलपोळा आहे, वारी आहे, गावोगावच्या जत्रा आहेत. पण विद्यापीठाच्या दारात आले की आपण त्या सगळ्याला पायताणासारखे बाहेर काढून ठेवतो.

आता काळ थोडा अनुकूलही झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे पदवीच्या आराखड्यात आरोग्य, योग, क्रीडा, सांस्कृतिक कार्य आणि ललितकला यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही चांगली गोष्ट. धोका एवढाच, की श्रेयांकापुरती हजेरी, हजेरीपुरता फोटो आणि फोटोपुरता कार्यक्रम, असे व्हायला नको. कागद पुरा झाला आणि मुलगा कनातीजवळच राहिला, तर आपण काहीच केले नाही.

म्हणून शिक्षकांना माझी तीन सांगणी आहेत. एक, वर्षाच्या आरंभीच प्रत्येक मुलाला विचारा, "तुझ्या घरी, तुझ्या वस्तीवर काय म्हणतात, काय वाजवतात?" 'तुला काय येतं' असे विचारू नका, त्याला पोरे 'काही नाही' म्हणतात. दुसरे, वर्षाकाठी एक मोठा मांडव घालण्यापेक्षा आठवड्यातून एक तास राखून ठेवा. त्याला पाहुणा नको, बक्षीस नको, ध्वनिक्षेपकही नको. तिसरे, त्या तासाची वेळ शेवटची एसटी पाहून ठरवा.

आणि गावकरी मंडळींना एक मागणे आहे. तुमच्या वस्तीवर ढोल असेल, भजनी मंडळाची पखवाज-पेटी असेल, एखादी म्हातारी ओव्या जाणत असेल, तर आम्हाला बोलवा, नाहीतर तुम्ही या. मुलगी तालमीला थांबली म्हणून तिला बोल लावू नका. एकदा येऊन ती काय करते ते बघा. आणि संमेलनाला याल तेव्हा मागे उभे राहू नका. आत या, पुढे बसा. आईबाप मांडवाबाहेर उभे राहिले तर पोरेही तिथेच उभी राहायला शिकतात.

त्या मुलाची 'धनगरी ओवी' लिहिलेली चिठ्ठी अजून माझ्याजवळ आहे. परत आला तेव्हा ती त्याने माझ्या हातात दिली होती. दरवर्षी कार्यक्रमांच्या निवडीला बसण्यापूर्वी मी ती काढून टेबलावर ठेवतो, आणि मगच पहिल्या मुलाला आत बोलावतो.