अंबर या नांवाविषयीं

पैठणच्या पंडितांनीं ज्ञानदेवांस हिणवून म्हटलें, नांवांत काय आहे, या समोरच्या रेड्याचेंहि नांव ग्यानाच आहे, अशी कथा सांगतात. त्या रेड्याची समाधि जुन्नर तालुक्यांत आळे येथें आहे. त्याच तालुक्यानें आणखी एका नांवाचें दैव पाहिलें. तें नांव अंबर.

मराठी कानास अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. दिगंबर, पीतांबर हे शब्द तर घरोघरचे. परंतु मलिक अंबराच्या नांवांतील शब्द संस्कृत नव्हे, अरबी आहे. एका जातीच्या देवमाशाच्या पोटांत उत्पन्न होणारें, लाटांबरोबर किनाऱ्यास लागणारें राखी रंगाचें सुगंधी द्रव्य, तें हें अंबर. अत्तरें करणारे त्यास मोठें मोल देत.

एवढें मोलाचें नांव आईबापांनीं हौसेनें ठेविलें असेल, असें कोणासहि वाटेल. तसें नाहीं. सुमारें १५४८ सालीं हबसाणांत जन्मलेल्या त्या मुलाचें मूळचें नांव चापू. तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादच्या एका धन्यानें त्यास अंबर म्हटलें. गुलामांस सुगंधी द्रव्यांचीं वा रत्नांचीं नांवें देण्याची रीतच होती. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर याच रीतींतला. पैसे मोजून आणिलेली उंची वस्तु, हा त्या नांवांतला भाव. त्यांच्या गोडव्यानें ऐकणारा फसतो.

पुढें निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें अंबरास विकत घेतलें. १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर बुडतें राज्य सांवरलें तें याच गुलामानें, आणि कांहीं वर्षें राजधानी जुन्नरास होती. आतां तो मलिक, म्हणजे अधिपति, झाला होता. मालक व मुलूख हे शब्द त्याच धातूचे. आणि मम्लूक, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा मनुष्य, हाहि त्याच धातूचा!

सत्ता हातीं आल्यावर नवें नांव घेणें अवघड नव्हतें. त्यानें जुनेंच ठेविलें. जहांगीर बादशहा त्याच्या काळ्या वर्णावरून दूषणें लिहीत राहिला. इकडे रयतेंत त्याच्या साराबंदीस मलिकंबरी हें नांव पडलें. त्यानें वसविलेल्या खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, पाणी आणणाऱ्या नहरीस नहर-ए-अंबरी म्हणतात. १६२६ सालीं तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.