भांडवल येते, जाते. मागे काय राहते?



वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. ‘परकीय गुंतवणूक आणि जर्मनी’ हा विषय पुण्या-मुंबईच्या सभागृहांत शोभेल, कुर्डुवाडीला त्याचे काय, असे कुणाला वाटेल. मला मात्र या विषयावर बोलण्याचा कुर्डुवाडीचा हक्क फार जुना वाटतो.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे इंग्रज अभियंते जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आले. त्यांच्या पुढाकाराने १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आपल्या या कुर्डुवाडी स्थानकापासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरून गाडी धावू लागली. पुढे हे रूळ १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचले. बार्शीच्या बाजारपेठेचा माल आणि पंढरीचे वारकरी याच गाडीने गेले. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यामुळे या गावात फिटर, टर्नर, लोहार, सुतार यांची घरे वसली. १९५४ मध्ये भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली.

त्या भांडवलाने या भागाचे भले केले की नुकसान? एका शब्दात उत्तर देता येणार नाही. बाजार जवळ आला, हातांना काम मिळाले. पण भाडे किती आकारायचे, फाटा कुठे काढायचा, नफा कुठे न्यायचा, हे ठरवणारे संचालक मंडळ साता समुद्रापार होते. बार्शीच्या रुळांवर मिळालेला अनुभव घेऊन कॅल्थ्रॉप यांनी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला तशीच छोटी रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. म्हणजे नफ्याबरोबर इथली विद्याही तिकडे गेली. आपल्याकडे उरले ते कारखान्यातल्या कामगारांच्या हातातले कसब.

या प्रश्नावर आपल्या पूर्वसूरींनी कसून विचार केला होता. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडला. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेत गुंतलेल्या परकीय भांडवलाची चिकित्सा केली. मोठ्या रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि तिचा भार रयतेवर पडत होता. न्यायमूर्ती रानड्यांनी मात्र १८९० च्या पुण्यातील औद्योगिक परिषदेत, या वादात न अडकता आपली उत्पादनशक्ती वाढवा, असा आग्रह धरला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. भांडवलाला अट घालावी लागते आणि अट घालण्याइतके अंगी बळही असावे लागते.

आता प्रवाहाची दिशा बदललेली पाहा. सोलापुरात कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीने २०१७-१८ च्या सुमारास जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील कुनेवाल्डे येथील ‘एमएफटी’ या कंपनीचा मोठा हिस्सा घेतला. त्यानंतर तिने नेदरलँड्समधील विजेवर चालणाऱ्या ट्रक-बसच्या क्षेत्रातील ‘एमॉस’ या कंपनीतही गुंतवणूक केली. त्याआधी, २००३-०४ च्या सुमारास पुण्याच्या भारत फोर्जने एन्नेपेटाल येथील कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंगची जुनी कंपनी विकत घेतली होती. ज्या सोलापूर जिल्ह्यात लंडनचे भांडवल आले, त्याच जिल्ह्याचे भांडवल जर्मनीत गेले, याचा मला अभिमान आहे.

पण जर्मनीतच का? तिथली मजुरी स्वस्त नाही. कंपनीवरचे सगळे कर धरले तर नफ्याचा सुमारे तीस टक्के भाग त्यात जातो. पाच कामगार असले तरी ते आपले प्रतिनिधी मंडळ निवडू शकतात. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या. मालक बदलला म्हणून नोकरीच्या अटी आपोआप मोडत नाहीत. इतकी बंधने असूनही भांडवल तिथे जाते, कारण मोठे ग्राहक दाराशी आहेत, करार पाळले जातात आणि कुशल माणूस तयार मिळतो. तिथला मुलगा किंवा मुलगी साधारण दोन ते साडेतीन वर्षे कारखान्यात काम शिकते, त्याच काळात व्यवसाय शाळेतही जाते आणि शिकताना वेतनही घेते. गुंतवणूकदार तिथे जातो तो या पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या कौशल्यासाठी.

यात जोखीम आहे, हेही विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवे. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर जर्मन कारखान्यांना गॅस आणि वीज फार महाग पडली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये, २०३५ पासून नव्या मोटारींतून कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा नियम केला. कॅमशाफ्ट हा पेट्रोल-डिझेल इंजिनाचा भाग. विजेच्या मोटारीला तो लागतच नाही. परदेशी कंपनी विकत घेताना तिच्या यंत्रांबरोबर तिच्या भविष्याची काळजीही विकत घ्यावी लागते.

आणि परकीय भांडवल पुन्हा आपल्या दाराशी आले आहे. बार्शी लाइटचे रूळ ज्या लातूरला गेले, तिथल्या रेल्वे डबा कारखान्यात वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधण्यासाठी २०२३ मध्ये करार झाला; त्यात एक रशियन कंपनी भागीदार आहे. या वेळी आपण काय मागायचे? जमीन स्वस्त, पाणी स्वस्त, मजूर स्वस्त, एवढेच सांगून आपण गुंतवणूक बोलावली, तर आणखी स्वस्त जागा सापडताच ती निघून जाईल. मुरलेले कसब मात्र कुणाला गाठोड्यात बांधून नेता येत नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी काही आग्रह ठेवतो. जिल्ह्यात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या करारात स्थानिक मुलामुलींना वेतनासह प्रशिक्षण देण्याची अट असावी आणि किती जणांना काय शिकवले, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. आपल्या आयटीआयमधील यंत्रे आणि अभ्यासक्रम कारखान्यांशी बोलून ठरवावेत. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या कारागिरांना महाविद्यालयांनी सन्मानाने बोलवावे. त्यांचे ज्ञान लिहून काढावे, चित्रित करावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी सोलापूरच्या नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल वर्गात वाचावेत. परदेशातील गुंतवणुकीचा नफा-तोटा त्यांना स्वतः मांडता यावा. आणि जर्मनीत नोकरीला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी तिथली प्रशिक्षणाची पद्धत नीट पाहून घ्यावी, ती इथे रुजवायला हातभार लावावा.

१८९७ मध्ये अटी घालण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हता. आज तो आहे. तो वापरायचा, तर करार वाचणारी आणि यंत्र जाणणारी पिढी याच जिल्ह्यात घडवावी लागेल. ती घडवणे हे आपणा शिक्षकांचे काम आहे, आणि ते याच वर्षी हाती घ्यावे, अशी कळकळीची विनंती करून मी माझे भाषण संपवतो.