हाताचं काय? हे पहिल्याच महिन्यात विचारा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मला सॉफ्टवेअरमधल्या करिअरवर बोलायला सांगितलं होतं. पण आपल्या वर्गातल्या एका मित्राने, जो आज इथे बसून ऐकतोय, विषयच बदलला. म्हणाला, "ते राहू दे. माझ्या हातांसाठी तू जे शोधलंस ते सांग. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." त्याच्या परवानगीने बोलते. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. त्यामुळे हा सल्ला नाही. डॉक्टरांना काय विचारायचं, एवढंच सांगते.

मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मानेच्या मणक्याला मार लागला हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या ग्रुपवर सगळे विचारत होते, "चालायला कधी लागेल?" त्याचा प्रश्न वेगळा होता: "मला माझ्या हाताने जेवता येईल का?" २००४ मध्ये किम अँडरसन या अमेरिकन संशोधिकेने मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं, काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? ज्यांचे हातही गेले होते, त्यांच्या उत्तरांत चालणं नव्हे, हातच पहिले आले.

हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतल्या मज्जारज्जूतून पायरीपायरीने निघतात. सी-५ शाबूत असेल तर कोपर वाकतं, सी-६ असेल तर मनगट वर उचलता येतं, सी-७ ने कोपर सरळ होतं, सी-८ ने बोटं मिटतात. म्हणून इजा नेमकी कुठल्या पायरीवर आहे आणि वरचं काय शिल्लक आहे, हे आधी विचारायचं. आपल्या मित्राचं मनगट उचललं जात होतं, बोटं हलत नव्हती.

पहिला पर्याय फुकटचा आहे. आत्ता करून बघा. हात सैल सोडा आणि मनगट मागे उचला. बोटं आपोआप मिटतात ना? या पकडीवर कागद, बिस्किट उचलता येतं. त्यासाठी बोटांच्या कंडरा थोड्या आखडलेल्या राहाव्या लागतात. घरची माणसं प्रेमापोटी मनगट मागे धरून बोटं पूर्ण ताणत राहतात, आणि ती पकड सैल पडते. म्हणून व्यायाम थेरपिस्टकडून शिकूनच द्यावा. तळहाताला बांधायचा, चमचा अडकवायचा पट्टाही असतो. साधा आहे, पण पहिला घास त्यानेच जातो.

दुसरा पर्याय टेंडन ट्रान्स्फर. कोपर वाकवायला एकाहून जास्त स्नायू असतात. त्यातला एक मोकळा करून त्याची कंडरा अंगठ्याच्या कंडरेला जोडतात. आपल्या देशाला हे तंत्र नवं नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांचे हात याच तत्त्वाने कामाला लावले. मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वीडनचे एरिक मोबर्ग यांनी १९७० च्या दशकात या शस्त्रक्रियांना चालना दिली. ही शस्त्रक्रिया इजेनंतर काही वर्षांनीही करता येते. मात्र नंतर काही आठवडे हात बांधलेला असतो, आणि आधी जे जमत होतं तेही तेवढ्या काळात बंद होतं. घरात माणूस हवं.

तिसरा पर्याय नर्व्ह ट्रान्स्फर. इजेच्या वरच्या भागातून येणाऱ्या चालू नसेची एक फांदी बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडायची. मेलबर्नच्या डॉ. नताशा व्हॅन झिल यांच्या गटाने १६ जणांवर अशा ५९ जोडण्या केल्या. २०१९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे फळ दिसायला महिने, कधी दोन वर्षंही लागतात. आणि इथे घड्याळ चालू असतं. काही स्नायूंचा मज्जारज्जूतला स्वतःचा पुरवठाच मेलेला असतो. त्यांच्यासाठी हे साधारण ६ ते १२ महिन्यांत व्हावं लागतं, नाहीतर स्नायू कायमचा वाळतो.

आपल्या मित्राला हॉस्पिटलमधून घरी सोडताना हातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आम्हाला हे कळलं तेव्हा दोन वर्षं उलटली होती. टेंडनचा मार्ग उघडा होता, तो त्याने घेतला. आज तो चमचा धरतो, किल्ली धरतो, मोबाईल वापरतो. शर्टाची बटणं अजून लागत नाहीत. दुसरा मार्गही वेळेत पुढे असता तर त्याला निवड तरी करता आली असती.

आता यंत्रं, म्हणजे माझा प्रांत. अमेरिकेत 'फ्रीहँड' नावाचं, शरीरात बसवायचं उपकरण १९९७ मध्ये मंजूर झालं. खांदा हलवून मूठ उघडायची-मिटायची. लोकांना उपयोग होत होता, तरी २००१ मध्ये कंपनीने ते विकणं थांबवलं. म्हणून काहीही शरीरात बसवण्याआधी विचारा: दहा वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? डिसेंबर २०२४ मध्ये तिथे 'आर्क-ईएक्स'ला मंजुरी मिळाली. यात मानेच्या त्वचेवरून विद्युत स्पंदनं देत हाताचा व्यायाम करायचा असतो. चाचणीतल्या ६० पैकी ७२ टक्के जणांची ताकद आणि हाताचं काम दोन्ही सुधारलं. पण इजेच्या खाली थोडी तरी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असलेल्यांसाठीच ते आहे. मेंदूत बसवायच्या चिपवरही प्रयोग झाले आहेत.

आणि एक. 'स्टेम सेल'च्या नावाने लाखो रुपये मागणारे भेटतील. आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारासाठी ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी पैसे मागितले की उठून यायचं.

माझी विनंती एवढीच. देव न करो, पण कुणाच्या ओळखीत अशी वेळ आली तर पहिल्याच महिन्यात विचारा: "हाताची तपासणी हँड सर्जन कधी करणार?" दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर किंवा वेल्लोरचं सीएमसी अशा ठिकाणी कागद पाठवून दुसरं मत घ्या. आपल्या बॅचमध्ये चार डॉक्टर आहेत आणि माझ्यासारखे शोधाशोध करणारे कितीतरी. रात्री-अपरात्री फोन करा.