गुडघ्याचे आंशिक सांधेरोपण : समज, निर्णय आणि पथ्य



उतारवयात घरोघरी आढळणाऱ्या व्याधींमध्ये गुडघेदुखीचा क्रम फार वरचा आहे. सामायिकास मांडी घालून बसणारी मंडळी हळूहळू खुर्ची शोधू लागतात. मंदिराच्या चार पायऱ्या चढतानाही कठड्याचा आधार लागतो आणि शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांचा विषय निघाला की मन मागे फिरते. दुखणे असह्य झाले म्हणजे कुटुंबात दोन टोकांची मते उमटतात. एक पक्ष म्हणतो, ‘या वयात ऑपरेशनच्या भानगडीत पडूच नये.’ दुसरा म्हणतो, ‘एकदाचा अख्खा गुडघाच बदलून टाकावा.’ या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक मार्ग आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊकच नसतो. त्याचे नाव आंशिक सांधेरोपण. हा मार्ग कोणासाठी आहे, कोणासाठी नाही आणि पत्करलाच तर पुढे काय काय सांभाळावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम गुडघ्याची रचना पाहू. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी यांच्या मिलाफातून हा सांधा तयार होतो. त्याचे तीन कप्पे मानले जातात : आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वयोमान, वाढलेले वजन, जुनी दुखापत किंवा पायाचा बाक यांमुळे हे आवरण झिजते. पुष्कळ रुग्णांमध्ये ही झीज आतल्या कप्प्यात सर्वाधिक असते, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकू लागतात आणि अखेरीस हाड हाडावर घासू लागते. बाहेरचा कप्पा आणि सांध्याच्या मध्यभागी असलेले दोन आडवे-तिरपे अस्थिबंध मात्र काही रुग्णांत त्या वेळीही सुस्थितीत असतात.

कापडाच्या ताग्यास एका कडेला कसर लागली म्हणून कोणी अख्खा तागा टाकून देत नाही. आंशिक सांधेरोपणामागचा विचारही असाच आहे. झिजलेल्या एकाच कप्प्यातील हाडाचा पातळ थर काढून तेथे धातूचे दोन भाग बसवले जातात आणि त्यांच्या मध्ये पॉलिइथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची चकती ठेवली जाते. उरलेले दोन कप्पे आणि मधले अस्थिबंध जसेच्या तसे राहतात. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे शल्यविशारद जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओकॉनर यांनी सरकत्या चकतीचा सांधा विकसित केला. १९७६ मध्ये तो प्रथम वापरला गेला आणि १९८२ पासून केवळ आतल्या कप्प्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. म्हणजे ही कालपरवाची नवलाई नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ही शस्त्रक्रिया कोणाला योग्य? झीज एकाच कप्प्यापुरती असावी, मधले अस्थिबंध शाबूत असावेत, पायाचा बाक हाताने सरळ होण्याजोगा असावा आणि गुडघा फार आखडलेला नसावा. आमवातासारख्या, सर्व सांध्याला सूज आणणाऱ्या विकारात ही शस्त्रक्रिया करीत नाहीत, कारण तो विकार उरलेल्या कप्प्यांनाही सोडत नाही. १९८९ मध्ये कोझिन आणि स्कॉट या अमेरिकन तज्ज्ञांनी साठीच्या पुढचे वय आणि ८२ किलोच्या आतील वजन अशा कडक अटी सुचविल्या होत्या. पुढील अनुभवातून वय आणि वजन यांच्या या मर्यादा बऱ्याच सैल झाल्या. सांध्याच्या स्थितीविषयीच्या अटी मात्र आजही कायम आहेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. झीज थोडीच आहे, मग लहान शस्त्रक्रिया आताच उरकून घ्यावी, हा विचार चुकीचा आहे. कूर्चा पूर्ण झिजून हाडाला हाड लागले आहे, हे क्ष-किरण चित्रात दिसल्यावरच या शस्त्रक्रियेचा खरा लाभ होतो. अर्धवट झीज असताना ती केल्यास पुष्कळदा दुखणे तसेच राहते. म्हणून क्ष-किरण चित्र पायावर भार देऊन, उभे राहून काढलेले असावे. झोपून काढलेल्या चित्रात झीज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपायही मनापासून केले पाहिजेत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर नियंत्रण, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी आणि वैद्यकीय सल्ल्याने वेदनाशामक औषधे, हा क्रम आहे. एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे संशोधनात दिसून आले आहे. हे सर्व करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात चालणे कठीण होत असेल, तर शस्त्रक्रिया टाळत राहण्यात शहाणपण नाही. वर्षानुवर्षे घरात बसून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, वजन व साखर वाढते आणि आंशिक रोपणाची संधीही निघून जाऊ शकते.

व्यापारी मनुष्य जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय सही करीत नाही. येथेही तेच करावे. जमेच्या बाजूला लहान छेद, कमी रक्तस्राव, रुग्णालयात कमी मुक्काम, लवकर चालणे आणि गुडघा अधिक नैसर्गिक वाटणे या गोष्टी आहेत. ब्रिटनमधील ५२८ रुग्णांवर आंशिक आणि संपूर्ण रोपणाची तुलना करण्यात आली व पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदना आणि हालचाल या बाबतींत दोन्ही पद्धती सारख्याच उपयुक्त ठरल्या आणि तेथील हिशेबात आंशिक रोपणाचा खर्च कमी आला. नावे बाजूही लपवून ठेवण्यासारखी नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१४ मध्ये असे दिसले की, आंशिक रोपणानंतर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण संपूर्ण रोपणाच्या साधारण दुप्पट आहे. त्याच नोंदींत जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती मात्र आंशिक रोपणात कमी आढळल्या. काही काळाने दुसरा कप्पा झिजला तर संपूर्ण रोपण करता येते, परंतु तो दुसरा खर्च आणि दुसरा त्रास असतो, हे आधीच ध्यानी घ्यावे.

ही शस्त्रक्रिया क्वचितच करणाऱ्या शल्यविशारदांच्या हातून पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण अधिक राहते, असेही नोंदी सांगतात. म्हणून ‘डॉक्टरसाहेब, वर्षाला अशी किती रोपणे आपण करता?’ हा प्रश्न नम्रपणे विचारावा. त्यात अवमान नाही. खर्चाच्या बाबतीत, ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. रुग्णालयाकडून अंदाजपत्रक घेताना सांध्याची किंमत, कंपनीचे नाव आणि अन्य खर्च वेगवेगळे लिहून मागावेत. विमा असल्यास पूर्वमंजुरी आधीच घ्यावी.

तयारीच्या काळात रक्तातील साखर, रक्तदाब, दात व त्वचेचा संसर्ग यांची तपासणी होते. रक्त पातळ करणारी औषधे व काढे चालू असल्यास डॉक्टरांना सांगावेत. आपल्या समाजापुरत्या दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली चौविहाराची. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या व्यक्तीची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी असेल, तर शरीर कोरडे पडते. भूलतज्ज्ञ सामान्यतः अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करण्यास सांगतात. त्यांना आपला नियम सांगून सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. दुसरी गोष्ट औषधांची. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिली जाणारी हेपॅरिन वर्गातील इंजेक्शने डुकराच्या आतड्यापासून मिळवलेली असतात आणि कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांचे पर्याय आहेत. परंतु कोणता पर्याय कोणाला सुरक्षित, हे डॉक्टरच ठरवतील. हा विषय दाखल होण्यापूर्वी शांतपणे बोलावा. शस्त्रक्रियेनंतर मध्यरात्री इंजेक्शन नाकारणे जिवावर बेतू शकते. बरे होईपर्यंत उपवास, तप आणि रात्रीच्या औषधांविषयी गुरुजनांचे मार्गदर्शनही आधीच घेऊन ठेवावे.

शस्त्रक्रिया बहुधा कमरेखालचा भाग बधिर करून होते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करतात. एक ते तीन दिवसांत बहुतेक रुग्ण घरी जातात. घोटा वर-खाली हलविणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, टाच सरकवत गुडघा वाकविणे आणि पाय सरळ उचलणे हे व्यायाम दिवसातून अनेकदा करावे लागतात. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. दोन ते चार आठवड्यांत वॉकर सुटून काठी येते. दुकानात थोडा वेळ बसणे किंवा वाहन चालविणे साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीने. सूज आणि ऊब काही महिने राहते व पूर्ण सुधारणेस वर्षही लागू शकते. शेजारचा रुग्ण महिन्यात बरा झाला म्हणून आपले काही बिघडले असे समजू नये.

घरात पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप, न्हाणीघरात धरण्यास दांडा, उंच पलंग आणि पायांत न घुटमळणाऱ्या सतरंज्या अशी व्यवस्था आधी करावी. सुनेने अथवा मुलाने सर्व कामे हातात दिली की रुग्ण हलत नाही आणि गुडघा आखडतो. प्रेमाने व्यायाम करून घेणे हीच त्या दिवसांतील खरी सेवा होय.

काही लक्षणांत मात्र क्षणाचाही विलंब नको. पोटरी दुखून सुजणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही रक्ताच्या गाठीची चिन्हे असू शकतात. जखमेतून स्राव, वाढती लाली किंवा ताप हे संसर्गाचे इशारे आहेत. अशा वेळी लेप, शेक वा घरातील उरलेली प्रतिजैविके वापरू नयेत, रुग्णालय गाठावे.

मांडी घालून बसता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येकजण विचारतो. आंशिक रोपणानंतर गुडघा संपूर्ण रोपणापेक्षा बहुधा अधिक वाकतो आणि काहींना जमिनीवर बसणे जमते. परंतु याची हमी कोणी देऊ नये व घेऊही नये. गुडघे टेकताना व्रणाजवळ बधिरपणा किंवा बोचणे जाणवते. वंदना खुर्चीवरून करावी लागली म्हणून भावात उणेपणा येत नाही.

ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा आहे, त्यांनी उभ्याने काढलेले क्ष-किरण चित्र घेऊन तज्ज्ञाकडे जावे आणि ‘माझे किती कप्पे झिजले आहेत?’ एवढे विचारावे. त्या उत्तरावर पुढचा मार्ग ठरेल. उत्तर संपूर्ण रोपणाचे आले तरी खचून जाऊ नये. तीही सिद्ध झालेली शस्त्रक्रिया आहे.