दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेले काम

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सॉफ्टवेअर कंपन्यांतील कामाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चालकांनी आज्ञा केली. आम्ही पडलो शिक्षक. आमचा व्यवहार खडूफळ्याशी. परंतु आमच्या वर्गातून गेलेली अनेक मुले-मुली आज या धंद्यात आहेत, आणि ट्रस्टकडे शिष्यवृत्तीसाठी येणाऱ्या अर्जांतही संगणकशिक्षणाचे अर्ज पुष्कळ असतात. वातानुकूलित कचेरी, गळ्यात ओळखपत्र आणि महिन्याचा पगार, एवढेच आपल्याला बाहेरून दिसते. आत काम कसे चालते हे पालकांनी जाणून घेणे अवश्य आहे.

उदाहरण जवळचेच घेऊ. बडोद्याहून सुरतेस जावे, तेथून भुसावळची गाडी धरावी, म्हणजे खानदेशात अमळनेर लागते. साने गुरुजींनी जेथे शिक्षकाचे काम केले तेच हे गाव. येथे १९४५ साली हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ साली ते वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनियरिंग शिकत होते. वय अवघे २१. शिक्षण सोडून ते परतले व त्यांनी धंदा हाती घेतला. तीच आजची विप्रो. १९८० च्या सुमारास ती संगणकाच्या धंद्यात शिरली, आणि १९९८ च्या अखेरीस तिने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने ठरविलेल्या पाच पायऱ्यांपैकी पाचवी गाठली. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांत हा मान मिळविणारी ती जगातील पहिली मानली जाते.

या पायऱ्या शिस्तीच्या आहेत. पहिलीवर एखाद्या हुषार माणसाच्या जोरावर काम कसेबसे तडीस जाते. पाचवीवर कामाची रीत लिहिलेली असते, मोजलेली असते, आणि चुकांची कारणे शोधून ती सतत सुधारली जाते.

रोजच्या कामात ही शिस्त कशी दिसते? पुष्कळ कंपन्यांत दिवसारंभी सोबतची मंडळी दहा-पंधरा मिनिटे एकत्र जमतात. काल काय केले, आज काय करणार, अडले कोठे, एवढेच बोलायचे. ‘अडले’ म्हणण्यात कमीपणा नाही. न सांगता चार दिवस बसून राहिले तर मात्र बोल लागतो. प्रोग्रॅमची ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेले ‘गिट’ नावाचे साधन आज ठिकठिकाणी ही रोजकीर्द सांभाळते. लिहिलेला कोड लिहिणाराच मंजूर करीत नाही. सहकारी तो वाचतो, शंका काढतो, मगच तो मुख्य कामात मिसळतो. वरिष्ठाचा कोडही कनिष्ठ तपासू शकतो. शिवाय अनेक छोट्या चाचण्या यंत्राकडून आपोआप करवून घेतात. एक जागा दुरुस्त करताना दुसरी बिघडली तर लगेच कळते.

२००४ साली विप्रोने जपानच्या टोयोटा मोटार कारखान्याची रीत सॉफ्टवेअरला लावून पाहण्यास आरंभ केला. त्या कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो, आणि मग ‘असे का झाले?’ हा प्रश्न पाच-पाच वेळा विचारून मुळाशी जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियान ५’ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले. जुन्या रॉकेटचा प्रोग्रॅम नव्यात तसाच घेतला होता. नव्याचा वेग अधिक. त्यातून निघालेली संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेना. एवढ्याशा गोष्टीने वर्षांची मेहनत गेली.

आता आपल्या घरांकडे वळू. आमची एक माजी विद्यार्थिनी सांगत होती, “सर, माझा पहिला कोड परत आला, त्यावर सतरा शंका. रात्री रडले. महिनाभराने कळले, शंका कोडवर होत्या, माझ्यावर नव्हत्या.” हे तिला नोकरीत शिकावे लागले, कारण घरी आणि शाळेत चूक म्हणजे बोलणी, असाच रिवाज. मग मुले चूक झाकू लागतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत आणण्यापर्यंत मजल जाते. अशा मुलाच्या हाती पदवी येते, पण पहिल्याच मुलाखतीत ‘ही ओळ येथे का?’ या प्रश्नापाशी तो अडतो.

या धंद्यातले कष्टही सांगितले पाहिजेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. ऐन जेवणाच्या वेळी मुलाची बैठक सुरू होते. मान आखडते, डोळे शिणतात, आणि मंदी आली की नोकरीही जाते. २०२० च्या महामारीत कचेरी घरात आली, ती पुष्कळांच्या घरी थोडीबहुत राहिलीच. दार लावून बसलेला मुलगा रिकामा नाही, हे घरच्यांनी समजावे. आणि सून कामावर बसली असता तिला पोळ्या लाटायला उठवू नये. आता तर यंत्रही कोड लिहून देते. म्हणून लिहिलेले वाचून पारखणाऱ्याची गरज अधिकच वाढली आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली या शहरात कलाभवन काढले ते धंद्याचे शिक्षण सामान्यांच्या मुलांना मिळावे म्हणून. त्याच शहरातील आपल्या ट्रस्टपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, इंजिनियरिंगबरोबर बी. एस्सी. व बी. सी. ए.च्या विद्यार्थ्यांनाही, विशेषतः मुलींना, शिष्यवृत्ती द्यावी. विप्रोने १९९५ पासून विज्ञानाच्या पदवीधरांना नोकरीत घेऊन पिलानीच्या बिट्स संस्थेमार्फत पुढील शिक्षण दिले. इंजिनियरिंगची फी झेपत नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबू नये.

दुसरी, रविवारी सभागृहाची एक खोली या मुलांना द्यावी. तेथे त्यांनी एकमेकांचे काम वाचावे, शंका काढाव्यात. नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने यावे. यास खर्च दिवाबत्तीचा.

तिसरी विनंती पालकांस. मूल आपण होऊन चूक दाखवायला आले, तर त्या दिवशी रागावू नये. ‘अशी का झाली?’ एवढे त्याच्याशेजारी बसून विचारावे. ही सवय कोणतीही कंपनी पगार देऊन लावू शकत नाही. ती घरातूनच न्यावी लागते.