पराभवाच्या रात्रीचा निर्णय
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. ‘मल्लविद्या आणि मनोनिग्रह’ असा भारदस्त विषय आज मजकडे सोपविण्यात आला आहे. परंतु मनोनिग्रहाविषयी बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे पुढे आपल्या ध्यानी येईलच.

वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मी गावच्या तालमीत जात असे. पहाटे हौदा उकरावा, जोर-बैठका माराव्या, मग वस्ताद सांगतील त्याच्याशी झोंबावे, असा क्रम होता. त्या साली जत्रेच्या फडात एका मुलाने मला पाहता पाहता चितपट केले. घरी येऊन मी सांगितले की, तो वजनाने माझ्याहून भारी होता. ते खरेच होते. आईने मानले, वडिलांनी मानले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला कोणी उठविले नाही. वस्तादांनी दोनदा निरोप धाडला. मी गेलो नाही. सबब खोटी असती तर कदाचित लाज वाटून मी परतलोही असतो. ती खरी होती, म्हणूनच तिने माझा घात केला.

आता कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पाहा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. त्यांच्यापाशी तर माझ्याहून सबळ सबब होती. त्यांचा पिंड लाल मातीचा. तेथे पायांखाली गादी, आणि पाठ टेकेपर्यंत झुंजण्याऐवजी मिनिटांचा व गुणांचा हिशेब. ‘मातीत असतो तर दाखविले असते’ असे ते म्हणते, तर कोल्हापुरात कोणी नाही म्हटले नसते. त्यांनी मात्र गादीवरची कुस्ती शिकण्याचे ठरविले, आणि पुढच्या खेपेस वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. वजनाची सबब सांगणाऱ्या माझ्यासारख्याने हे विशेष ध्यानात घ्यावे! १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हरविणारे जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव यांनीच सुवर्ण व रौप्य पटकाविले.

हे सर्व आज सांगण्याचे कारण घरचे आहे. गेल्या हिवाळ्यात माझा नातू शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. पंचांनी अन्याय केला, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे. मीही पाहिले, त्यात तथ्य होते. त्यांनी तालीम बंद करण्याचे ठरविले. मी म्हटले, “पोराला तर विचारा.” पोर खाली पाहून म्हणाले, “आजोबा, पट काढताना माझा डावा पाय मागे राहतो.” पंचांचे नावही त्याने घेतले नाही.

तेव्हापासून तो रोज पहाटे जातो आणि मी कंदिलाऐवजी विजेरी घेऊन सोबत असतो. पाय अजून मागेच राहतो, पण पूर्वीइतका नाही. त्याचे वडील माझ्याशी अद्याप मोजकेच बोलतात. ते आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, म्हणून येथेच थांबतो.