एफ्. एम्. ट्यूनर : जुन्या यंत्राची नवी ओळख

एका पिढीनें हौसेनें घेतलेली वस्तु दुसऱ्या पिढीनें अडगळींत टाकावी आणि तिसऱ्या पिढीनें ती पुसूनपासून पुनः दिवाणखान्यांत आणावी, असा क्रम संगीत ऐकण्याच्या साधनांच्या बाबतींत आतां ठरूनच गेल्यासारखा झाला आहे. तबकड्यांचें असें झालें. अलीकडे ती पाळी एफ्. एम्. ट्यूनरची आली आहे.

ट्यूनर म्हणजे नुसता रेडिओ नव्हे. त्याला स्वतःचा कर्णा नसतो. हवेंतून येणारी लहर पकडावी, तिच्यांत गुंतलेलें गाणें मोकळें करावें आणि तें अॅम्प्लिफायरच्या स्वाधीन करून आपण गप्प बसावें, एवढेंच त्याचें काम. सन १९६० ते १९८० च्या सुमारास अमेरिका, इंग्लंड व जपान या देशांत ज्या घरीं चांगला स्टिरिओ संच असे, तेथें तबकडीयंत्र, अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर यांच्या सोबतीला ही पेटी बहुधा असावयाचीच. पुढें गाणीं प्रथम चकतीवरून व नंतर इंटरनेटवरून मिळूं लागलीं आणि ट्यूनर माळ्यावर गेला. आज हौशी लोक त्याला पुनः खालीं उतरवीत आहेत. जुन्या बाजारांत शोधून, दुरुस्त करून तो संचाला जोडीत आहेत. हें केवळ जुन्याचें वेड, कीं यांत कानाला कांहीं खरा लाभ आहे, असा प्रश्न सुज्ञ गृहस्थाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर द्यावयाचें तर या यंत्राच्या जन्मकथेपासून आरंभ केला पाहिजे. आणि ती कथा कांहीं सुखाची नाहीं.

एफ्. एम्. चा जनक एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हा न्यूयॉर्कचा रहिवासी. जन्म १८९० चा. विद्यार्थिदशेंतच, १९१२ सालीं, त्यानें क्षीण लहरीचें बळ अनेक पटींनीं वाढविणारी योजना शोधून काढली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, ‘सुपरहेटरोडाइन’ ही ग्राहक यंत्राची रचना सिद्ध केली. आजहि बहुतेक रेडिओ याच रचनेवर चालतात. एवढ्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. पण आर्मस्ट्राँगच्या मनाला रेडिओंतील खरखर सोसत नव्हती.

ही खरखर येते कोठून? जुन्या पद्धतींत गाण्याच्या चढउताराप्रमाणें लहरीची उंची कमीअधिक करीत. आकाशांतली वीज, शेजारची मोटार, भिंतीवरचें बटण, हींहि सर्व लहरीची उंचीच हलवितात. मग गाणें कोणतें आणि उपद्रव कोणता, हें बिचाऱ्या यंत्रानें ओळखावें कसें? आर्मस्ट्राँगनें उंचीला हातच लावला नाहीं. त्यानें लहरीचीं कंपनें जलद व सावकाश करून त्यांत गाणें भरलें. तबलजीची थाप जोराची कीं हलकी हें न पाहतां लय चढली कीं उतरली एवढेंच पाहावें, तसा हा प्रकार. असें केल्यावर ग्राहक यंत्रानें लहरीचे माथे खुशाल छाटून टाकावे. उपद्रव त्या माथ्यांबरोबर जातो व लय शाबूत राहते.

कल्पना नवी नव्हती. परंतु १९२२ सालीं जॉन कार्सन या गणिती अभियंत्यानें या पद्धतीनें लहरीला लागणारी जागा मुळींच कमी होत नाहीं असें सिद्ध केलें होतें आणि लोकांनीं तिचा नाद सोडला होता. आर्मस्ट्राँगनें प्रश्नच उलटा केला. जागा कमी कशाला? ती भरपूर घ्यावी! अमेरिकेंत जुन्या पद्धतीचीं केंद्रें दहा किलोहर्ट्झच्या अंतरानें बसविलेलीं असतात, एफ्. एम्. ला दोनशें किलोहर्ट्झ दिले जातात. या औदार्यांतच तिच्या शांततेचें मर्म आहे. १९३३ च्या डिसेंबरांत त्याला या शोधाचीं पेटंटें मिळालीं, आणि ५ नोव्हेंबर १९३५ रोजीं न्यूयॉर्कच्या अभियंत्यांपुढें त्यानें प्रयोग करून दाखविला. कांहीं मैलांवरील याँकर्स गांवीं एका स्नेह्याच्या घरून ध्वनिक्षेपण चाललें होतें. पेल्यांत पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगळल्याचा आवाज सभागृहांत जसाच्या तसा ऐकूं आला. आवाजापेक्षांहि त्या दोन आवाजांमधली निःशब्दता ऐकून जाणते लोक चकित झाले असले पाहिजेत.

आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीचा अध्यक्ष डेव्हिड सारनॉफ हा आर्मस्ट्राँगचा जुना मित्र. आर्मस्ट्राँगची पत्नी मॅरियन ही तर पूर्वीं सारनॉफचीच चिटणीस होती. परंतु सारनॉफचें सारें लक्ष दूरचित्रवाणीकडे लागलें होतें. १९३५ सालीं कंपनीनें एंपायर स्टेट इमारतींतील आर्मस्ट्राँगची प्रयोगसामग्री हलविण्यास सांगितलें. त्यानें स्वतःच्या खर्चानें न्यूजर्सींतील अल्पाइन येथें उंच मनोरा उभारला. तो मनोरा अद्याप उभा आहे. २००१ सालीं न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले तेव्हां त्या शहराच्या कांहीं दूरचित्रवाणी केंद्रांनीं याच मनोऱ्याचा आसरा घेतला. १९४१ पासून एफ्. एम्. चें व्यापारी ध्वनिक्षेपण सुरू झालें व लोकांनीं संच घेतले. १९४५ सालीं सरकारी आयोगानें एफ्. एम्. चा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून थेट ८८ च्या पलीकडे नेला. झालें! विकत घेतलेले लाखों संच एका निर्णयासरशी निरुपयोगी ठरले. पुढें पेटंटांबद्दल कंपनीशीं दावा लागला. त्या दाव्यानें आर्मस्ट्राँगचें धन, आरोग्य व गृहसौख्य हीं तिन्ही खाल्लीं. ३१ जानेवारी १९५४ रोजीं त्यानें तेराव्या मजल्यावरील आपल्या घराच्या खिडकींतून उडी घेतली. मॅरियननें मात्र हार मानली नाहीं. आर. सी. ए. नें त्याच वर्षीं तडजोड केली. इतरांविरुद्धचे दावे ती नेटानें लढवीत राहिली आणि शेवटचा दावा तिनें १९६७ सालीं जिंकला.

१९६१ च्या जूनमध्यें अमेरिकेंत स्टिरिओ ध्वनिक्षेपण सुरू झालें. डावा व उजवा असे दोन आवाज एकाच लहरींतून पाठवावयाचे, पण ज्यांच्याकडे जुने साधे संच आहेत त्यांचेंहि ऐकणें बिघडूं द्यावयाचें नाहीं, अशी ती अडचण. तोड अशी निघाली : दोन्ही आवाजांची बेरीज नेहमींप्रमाणें पाठवावी आणि त्यांची वजाबाकी कानाला ऐकूं न येणाऱ्या उंच कंपनांवर चढवावी. १९ किलोहर्ट्झची एक बारीक शीळ खुणेसाठीं सोबत असते. तिच्या आधारानें ट्यूनर वजाबाकी सोडवितो आणि शाळकरी बीजगणितानें डावें-उजवें वेगळें करतो. जुना संच बेरीजच ऐकतो व सुखी राहतो. युक्ति मोठी सुंदर. परंतु तिची किंमत द्यावी लागते. स्टिरिओंत पार्श्वभूमीची खसखस एका आवाजाच्या मानानें वीस डेसिबलांहूनहि अधिक वाढते. साध्या संचाला जी लहर पुरत होती ती आतां पुरेना. यांतूनच थोर ट्यूनरांचें युग जन्मास आलें.

या युगाचा मुकुटमणि म्हणजे मॅरँट्झ १०बी. हा निर्वात नळ्यांचा ट्यूनर रिचर्ड सेकेरा यानें रचला. त्याच्या दर्शनी भागावर आकडे दाखविणारा कांटा नसून एक चिमुकला प्रकाशपट असे. केंद्र नेमकें लागलें आहे कीं नाहीं आणि लहर इमारतींवर आपटून दुहेरी होऊन येत आहे कीं काय, हें त्यावरील प्रकाशरेषा दाखवी. या एका यंत्राच्या पायीं खर्च इतका झाला कीं, १९६४ सालीं सॉल मॅरँट्झ यांना आपली कंपनी विकावी लागली. पुढें मॅकिंटॉश कंपनीसाठीं रिचर्ड मोडाफेरी यांनीं एम्. आर. ७८ हा ट्यूनर तयार केला. प्रबळ केंद्राला अगदीं चिकटून बसलेलें दुबळें केंद्रहि तो वेगळें काढी. मग जपानी आले. सान्सुईचा टी. यू. ९९००, यामाहाचा सी. टी. ७०००, केनवुड व पायोनियर यांचे अनेक नमुने, सर्वांत चुरस लागली. त्या चुरशीचा लाभ आजच्या हौशी माणसाच्या पदरीं पडत आहे.

यांतील कौशल्य कोठें असतें, तेंहि थोडें पाहावें. पेटी उघडली कीं पुढल्या बाजूस अॅल्युमिनियमच्या पात्यांचा जुडगा दिसतो. दुरुस्तीवाले त्याला गँग म्हणतात. साध्या रेडिओंत गँगचे दोन-तीन गाळे, तर उत्तम ट्यूनरमध्यें चार-पांच किंवा त्याहूनहि अधिक. जितके गाळे अधिक तितकीं परकीं केंद्रें दाराबाहेरच राहतात. त्यानंतर कोणतेंहि केंद्र लावलें तरी त्याची लहर १०·७ मेगाहर्ट्झवर आणून गाळण्यांतून जाऊं देतात. गाळणी रुंद असेल तर आवाज खुलतो पण शेजारी घुसतो. अरुंद असेल तर शेजारी थांबतो पण आवाजाच्या कडा झिजतात. म्हणून चांगल्या ट्यूनरवर रुंद-अरुंद असें बटणच दिलेलें असतें. पुढें दोऱ्या-कप्प्यांची जागा स्फटिकानें व चमकत्या आंकड्यांनीं घेतली आणि सबंध ट्यूनर नखाएवढ्या तुकड्यांत मावूं लागला. त्या तुकड्याला गाळे नाहींत कीं रुंद गाळणी नाहीं; तो स्वस्त आहे व बोलणें ऐकण्यास पुरेसा आहे. अर्थात् आंकडे दाखविणारा ट्यूनर वाईट आणि कांट्याचा चांगला, असा सरसकट निवाडा मात्र कोणी करूं नये. ऑनक्योचा टी. ९०९० आंकडे दाखवितो आणि कांट्याच्या कित्येक नामवंतांना मागें टाकतो.

ज्याला असा ट्यूनर घ्यावयाचा आहे त्यानें नांव पाहून पैसे मोजूं नयेत. चाळीस-पन्नास वर्षांत आंतील कपॅसिटर सुकतात, गँगच्या आंसाजवळील वंगण घट्ट होऊन केंद्र लावतांना करकर येते, तबकामागचे दिवे जातात. हें सारें सुधारतें. परंतु अनेक वर्षांत गुंडाळ्यांचें जुळवणें सरकलेलें असतें आणि तें मापनयंत्रें हाताशीं असलेल्या कारागिरालाच पुनः बसवितां येतें. स्क्रू दिसला कीं पिळून पाहणाऱ्या हौशी हातांनीं जितके ट्यूनर बिघडले तितके काळानें बिघडले नसतील. मोठ्या नांवाचा न जुळविलेला ट्यूनर मध्यम नांवाच्या जुळविलेल्या ट्यूनरपुढें फिका पडतो, आणि दोन्ही चांगल्या एरियलवांचून व्यर्थ आहेत. पैसा थोडा असेल तर तो प्रथम एरियलवर घालावा. दीड मीटर लांबीची साधी द्विबाहु तार उंच जागीं, केंद्राकडे रोख धरून बांधली तरी पुष्कळ फरक पडतो. उंच इमारतींच्या गर्दींत मात्र दिशा निवडणारें, अनेक दांड्यांचें एरियलच हवें. परावर्तित लहरींनीं गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ चिरकूं लागले तर त्याला ट्यूनर काय करणार? आणि एवढें करूनहि केंद्र दुबळेंच राहिलें, तर मोनोचें बटण दाबावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. खसखशींतल्या स्टिरिओपेक्षां स्वच्छ एकेरी आवाज केव्हांहि बरा.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यानें आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जपानांत घरगुती वापरासाठीं बनलेल्या जुन्या ट्यूनरचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो. आकाशवाणीचें मुंबईचें १००·७ किंवा १०७·१, पुण्याचें १०१ त्यावर लागणारच नाहीं. म्हणून निर्यातीसाठीं बनविलेला, १०८ पर्यंत जाणारा नमुनाच घ्यावा. दुसरें, वीज. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचें, जपानी १०० व्होल्टचें. तें तसेंच इकडच्या २३० व्होल्टच्या खांचेंत बसविलें तर ट्यूनरचा आवाज येण्याआधीं त्याचा धूर येईल. मध्यें ट्रान्सफॉर्मर पाहिजे. तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. प्रक्षेपणाच्या वेळीं तार स्वर मुद्दाम उठावदार करतात व ट्यूनर ते तितकेच खालीं आणतो. हें माप अमेरिकेंत ७५ मायक्रोसेकंद व भारतांत ५० आहे. अमेरिकन ट्यूनर येथें लावला तर तो तार स्वर जास्तच दाबतो. सतारीची तरफ मंदावते. दोन किरकोळ कपॅसिटर बदलले कीं हा दोष जातो, पण तो ठाऊक नसल्यामुळें कित्येकजण त्याला जुन्या यंत्राचा ‘मऊ आवाज’ समजून त्याचें कौतुक करीत बसतात!

आतां मूळ प्रश्न. लाभ आहे काय? आहे, पण तो ट्यूनरच्या घरचा नव्हे. केंद्र जें पाठवील त्याहून चांगलें कोणताहि ट्यूनर ऐकवूं शकत नाहीं. बॉस्टनच्या डब्ल्यू. जी. बी. एच्. या केंद्राचा आरंभ १९५१ सालीं बॉस्टन सिंफनीच्या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिक्षेपणानें झाला. सभागृह, मायक्रोफोन, प्रक्षेपक आणि श्रोत्याचें घर यांच्यामध्यें तबकडी नाहीं कीं फीत नाहीं, अशा मैफलींसाठीं हीं यंत्रें घडविलीं गेलीं. आज पुष्कळ केंद्रें गाण्याचा हळू भाग वर उचलून व मोठा भाग खालीं दाबून सर्व एका पातळीवर आणतात, म्हणजे मोटारींतल्या गोंगाटांतहि तें ऐकूं जावें. आलापाचा आरंभ व द्रुताचा कळस एकाच उंचीचे झाल्यावर मॅरँट्झ काय आणि नाक्यावरचा खिशांतला रेडिओ काय, अंतर फारसें उरत नाहीं. उलट एखादें केंद्र संयमानें ध्वनिक्षेपण करतें, गायक स्टुडिओंत प्रत्यक्ष बसलेला असतो, तेव्हां चांगल्या ट्यूनरवर तानपुऱ्याचें गुंजन खोलीभर पसरतें आणि दोन स्वरांमध्यें काळोखासारखी शांतता असते. याँकर्सहून आलेली तीच ती शांतता.

किती काळ? नॉर्वेनें २०१७ सालीं आपलीं राष्ट्रीय केंद्रें एफ्. एम्. वरून काढून अंकीय पद्धतीवर नेलीं. तेथें स्थानिक केंद्रेंच तेवढीं एफ्. एम्. वर उरलीं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीनें २०२४ च्या अखेरीस एफ्. एम्. प्रक्षेपक बंद केले. भारतांत एफ्. एम्. चा पहिला उच्चार २३ जुलै १९७७ रोजीं मद्रासहून झाला, म्हणजे इतर देशांच्या मानानें फार उशिरां; आणि येथें ८८ ते १०८ चा पट्टा अद्याप गजबजलेला आहे. माळ्यावर एखादा ट्यूनर पडला असेल तर तो याच दिवसांत खालीं काढावा, गँग साफ करून घ्यावी, आणि रात्रीं शास्त्रीय संगीताच्या वेळीं लावून पाहावा.